केन मोठाच, पण माझं मत चेलिओसला

२५ फेब्रुवारी २०२४ ला शिकागोत आइस हॉकीची एक मॅच झाली आणि त्या दिवशी आमच्या घरात जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. झालं असं की त्या दिवशी शिकागोच्या टीमने, ब्लॅकहॉक्सनी, त्यांचा जुना डिफेन्समन क्रिस चेलिओसचा ७ नंबर रिटायर केला, म्हणजे यापुढे शिकागोत तो नंबर कोणी पाठीवर घालणार नाही, कायमचा छताला टांगला. आणि समोर टीम कोण, तर आमचे डेट्रॉइट रेड विंग्ज, आणि त्यांच्याकडून खेळत होता पॅट्रिक केन, तोच केन ज्याने शिकागोला तीन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या इथल्या सर्वात मोठ्या लीगची विजेतेपदं, मिळवून दिले आणि जो टीम सोडल्यावर पहिल्यांदाच त्या स्टेडियममध्ये परत येत होता. मॅच २-२ वर ओव्हरटाइमला गेली आणि शेवटचा गोल कोणी मारावा? केननेच. आपल्याच जुन्या टीमवर, आपल्याच जुन्या पब्लिकसमोर, चेलिओसच्या सत्काराच्या दिवशी.

माझा मुलगा सोफ्यावर उभा. "बाबा, बघ, संपला विषय! ग्रेटेस्ट अमेरिकन एव्हर." मी म्हटलं विषय कसला संपतोय, ज्याचा नंबर वर टांगलाय तोच ग्रेटेस्ट आहे. तेव्हापासून जेवताना, गाडीत, रिंकवर, आमचं हेच चालू आहे. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं, म्हणजे निदान वाद तरी मुद्द्यावर होईल.

आधी माझं सांगतो, मी काही जन्मजात आइस हॉकीवाला नाही. पुण्याच्या माणसाला हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि आपल्या खडकीचा धनराज पिल्ले, बर्फ फक्त उसाच्या रसात. २००१ च्या थंडीत नोकरीनिमित्त डेट्रॉइटजवळ आलो आणि पुढच्या जूनमध्ये रेड विंग्जनी कप जिंकला, अख्खं ऑफिस आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हतं, तिथून लागलेला नाद. त्या टीममध्ये चेलिओस होता, ब्रेट हल होता. २०१० मध्ये माइक मोडानो शेवटच्या सीझनला इथेच आला, आणि आता केन. म्हणजे अमेरिकेच्या सर्वात मोठ्या हॉकीपटूंवरून वाद घालायचा तर त्यातले बरेच जण आयुष्यात कधी ना कधी आमच्या गावावरून गेलेले आहेत, त्यामुळे थोडा हक्क आपलाही.

आता या वादात पहिली गंमत म्हणजे वाद नक्की कोणाकोणाबद्दल आहे हेच ठरत नाही. सगळे म्हणतात 'अमेरिकेत जन्मलेला' सर्वात मोठा खेळाडू. ऐकायला सोपं वाटतं. मग ब्रेट हलचं काय करायचं? ७४१ गोल, १३९१ पॉइंट, १९९०-९१ च्या एका सीझनमध्ये ८६ गोल, आणि आयुष्यभर खेळला अमेरिकेच्या नॅशनल टीमकडून. पण जन्म कॅनडात, ऑन्टारिओतल्या बेलव्हिलचा, आई अमेरिकन म्हणून दोन्ही पासपोर्ट. कॅनडाने तरुणपणी टीममध्ये घेतलं नाही, अमेरिकेने घेतलं, आणि १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये याच हलने कॅनडाला मॉन्ट्रियलमध्ये जाऊन रडवलं. तरी 'जन्म' हा निकष लावला की हल बाद. रॉड लँगवे हा डिफेन्समन पण बाद, कारण वडील सैन्यात असल्यामुळे तो जन्मला तैवानमध्ये, तैपेईला, जरी वाढला सगळा मॅसॅच्युसेट्समध्ये. आणि उलटी केस बघायचीय? बिली बर्च म्हणून एक होता, जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या याँकर्सचा, लहानपणीच टोरांटोला गेला, तिथेच खेळ शिकला, आणि १९२५ मध्ये हॅमिल्टन टायगर्सकडून खेळताना लीगमधल्या सर्वात मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकला. २०१६ मध्ये केन हार्ट जिंकला तेव्हा जिकडेतिकडे छापून आलं की पहिला अमेरिकन-जन्मा खेळाडू! बर्चला कोणी अमेरिकन धरतच नाही. म्हणजे जन्मदाखला तेव्हाच काढायचा जेव्हा आपल्या सोयीचा असेल, असा प्रकार आहे.

आपल्याकडे कसं, कोणी भेटलं की विचारतात "मूळचे कुठले?" जन्म मामाच्या गावी झाला, हॉस्पिटल कुठलं होतं, याला कोण विचारतंय, माणूस कुठल्या मातीत वाढला ते महत्त्वाचं. माझ्या मते हॉकीतही तोच प्रश्न विचारायला हवा, म्हणजे हल आणि लँगवे दोघंही आत येतात आणि बर्च बाहेर जातो. पण ठीक आहे, चालू पद्धतीने जन्मावरच जाऊ, कारण हलला आत घेतला तरी माझं उत्तर बदलत नाही.

दुसरी गंमत म्हणजे पॉइंट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आइस हॉकीत गोल मारला की एक पॉइंट आणि गोलच्या आधी ज्या एक-दोन जणांनी पास दिला त्यांनाही असिस्टचा एकेक पॉइंट. सगळी भांडणं याच आकड्यावर होतात. अमेरिकन-जन्मा खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात वर होता मोडानो, मिशिगनच्याच लिव्होनियाचा, आमच्या घरापासून पंधरा मिनिटं, १४९९ मॅचमध्ये १३७४ पॉइंट आणि ५६१ गोल. केन २०२४-२५ संपताना १३४३ वर होता, म्हणजे फक्त ३१ मागे. म्हणून तेव्हा मुलाचं म्हणणं असं होतं की मोडानोला गाठला की केन नंबर एक, सिंपल. अरे पण या हिशोबाने तर त्या दिवशीपर्यंत मोडानो ग्रेटेस्ट आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून केन, आणि मधल्या रात्रीत दोघांच्याही खेळात काय फरक पडला?

शिवाय पॉइंटचा भाव सगळ्या काळात सारखा नसतो, हे तर सोनं-चांदीवाले पण सांगतील. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मॅचमध्ये दोन्ही टीमचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे, २००० च्या आसपास हाच आकडा सव्वापाच-साडेपाचवर आला, कारण गोलकीपरची पॅड मोठी झाली, डिफेन्सच्या पद्धती बदलल्या, स्टिकने अडकवणं-ओढणं रेफरी बघून न बघितल्यासारखं करायचे. पॅट लाफाँटेनने १९९२-९३ ला १४८ पॉइंट केले, अमेरिकन-जन्मा खेळाडूचा एका सीझनचा हा सगळ्यात मोठा आकडा, आणि तरी त्या वर्षी तो पहिला आला नाही, कारण मारिओ लमिएने कॅन्सरचे उपचार घेत घेत फक्त ६० मॅचमध्ये १६० केले. याउलट केनने २०१५-१६ ला १०६ केले तेव्हा दुसऱ्या नंबरच्या जेमी बेनचे ८९ होते. १७ चा फरक! आता १४८ मोठे की १०६? मला विचाराल तर केनचे १०६ जास्त अवघड होते. हे मी मुलाच्या बाजूने बोलतोय, लक्षात घ्या, उगाच बाप एकतर्फी आहे असं नको.

आणि केनबद्दल बोलायचं तर हात आखडून बोलण्यात अर्थ नाही. बफेलोचा पाच फूट दहा इंचाचा किरकोळ पोरगा, २००७ ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवी पोरं निवडतात त्यात, पहिला, पक (हॉकीची रबरी चकती) त्याच्या स्टिकला चिकटवल्यासारखा. २०१० च्या फायनलची सहावी मॅच फिलाडेल्फियात, ओव्हरटाइम, याने इतक्या कडेच्या कोनातून मारला की पक जाळ्याच्या खालच्या पॅडिंगमध्ये घुसून गायब, रेफरीला कळेना, समोरच्या गोलीला कळेना, स्वतःच्या टीमला पण कळेना, आणि हा एकटा हातातले ग्लोव्ह्ज फेकून दुसऱ्या टोकाला पळत सुटलाय. शिकागोचा ४९ वर्षांचा दुष्काळ असा संपला. २०१३ ला लॉस एंजेलिसविरुद्ध डबल ओव्हरटाइममध्ये हॅटट्रिक पूर्ण करून टीम फायनलला नेली आणि प्लेऑफमधला, म्हणजे कपसाठीच्या शेवटच्या फेऱ्यांमधला, सर्वोत्तम म्हणून कॉन स्मिथ ट्रॉफी घेतली. २६ मॅच सलग पॉइंट. आणि २०२३ ला कमरेच्या हाडाचं मोठं ऑपरेशन करून, ज्यातून परत येऊन धड खेळलेले हॉकीपटू हाताच्या बोटावर मोजावे, हा आमच्याकडे येऊन खेळतोय. हे सगळं कबूल. अमेरिकेत जन्मलेला सर्वात मोठा फॉरवर्ड कोण विचारलं तर मी पण केनच म्हणेन, मोडानोपेक्षा जरा वर.

पण प्रश्न सर्वात मोठा फॉरवर्ड कोण असा नाहीये ना.

इथे माझा मुद्दा सुरू होतो आणि त्यासाठी मला क्रिकेटमध्ये जावं लागतं, माफ करा, मुलगा पण या ठिकाणी डोळे फिरवतो. एकनाथ सोलकरची बॅटिंगची सरासरी बघा, पंचविशीतली. नुसती ती बघून कोणी म्हणेल ठीकठाक खेळाडू. पण शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहून २७ टेस्टमध्ये ५३ कॅच घेतलेला माणूस आहे तो, बेदी-प्रसन्ना-वेंकट-चंद्राच्या किती विकेट त्याच्या हातांनी मिळाल्या. किंवा बापू नाडकर्णी, १९६४ ला मद्रासला ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन, विकेट शून्य. स्कोअरबुकात विकेटच्या कॉलममध्ये शून्य लिहिलंय म्हणून त्या दिवशी बापूंनी काही केलंच नाही असं म्हणणार का तुम्ही? जे होऊ दिलं नाही ते लिहायला स्कोअरबुकात रकानाच नसतो. हॉकीतला डिफेन्समन हा असाच असतो, आणि चेलिओस हा त्या जातीतला बाप माणूस होता.

त्याची सुरुवात ऐका. जन्म शिकागोचा, वडील ग्रीसमधून आलेले, आणि पोरगा ऐन शिकायच्या वयात असताना कुटुंब उठून गेलं सॅन डिएगोला. सॅन डिएगो म्हणजे समुद्र, ऊन आणि सर्फिंग, तिथे सत्तरच्या दशकात हॉकी कोण शिकवणार? आज आमच्या इथे प्लायमथला नॅशनल टीमचा सरकारी वाटावा असा व्यवस्थित कारखाना आहे, १९९६ ला ॲन आर्बरला सुरू झाला, सोळा-सतरा वर्षांची देशभरातली निवडक पोरं आणून ठेवतात, केन त्यातून आला, फिल केसल आला, ऑस्टन मॅथ्यूज आला. चेलिओसच्या वेळी असलं काही नव्हतं. कॅनडात ट्रायल दिल्या तर परत पाठवलं, शेवटी सॅस्कॅचवनमधल्या मूस जॉ नावाच्या गावात एका टीमने घेतलं, तिथून विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटी, तिथे १९८३ ची नॅशनल चॅम्पियनशिप, मग १९८४ चं ऑलिंपिक आणि मग थेट मॉन्ट्रियल.

त्यानंतर २६ सीझन. १६५१ मॅच, अमेरिकेत जन्मलेल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्त. प्लेऑफच्या २६६, या तर लीगच्या इतिहासात कोणाहीपेक्षा जास्त, कॅनडावाले रशियावाले सगळे धरून. शेवटची मॅच खेळला तेव्हा वय ४८. लोक म्हणतात हा सौना बाथमध्ये सायकल ठेवून व्यायाम करायचा, आणि ते खरंच करायचा. पण मुलगा म्हणतो, आणि बरोबर म्हणतो, की नुसतं टिकून राहणं म्हणजे ग्रेट नाही, आपल्या बिल्डिंगचा वॉचमन पण तीस वर्षं होता. मान्य. म्हणून मी २६ सीझन बाजूला ठेवतो आणि २००८ चा कप पण धरत नाही, तेव्हा तो ४६ वर्षांचा होता आणि टीमचा भार दुसरे उचलत होते. नुसता ऐन भरातला चेलिओस बघू.

सर्वोत्तम डिफेन्समनला नॉरिस ट्रॉफी देतात. चेलिओसने ती तीनदा जिंकली, १९८९, १९९३, १९९६. अमेरिकन डिफेन्समनमध्ये तीन कोणाकडेच नाहीत, लँगवेकडे दोन, ब्रायन लीचकडे दोन. आणि समोर स्पर्धेला कोण होतं हे पण बघा: रे बोर्क, पॉल कॉफी, अल मॅकिनिस, स्कॉट स्टीव्हन्स, स्वतः लीच. डिफेन्समनचा इतका भारी काळ परत झाला नाही असं मला वाटतं. त्या गर्दीतून तीन काढणं म्हणजे काय चेष्टा नाही. आणि मग २००१-०२, ज्या सीझनने मला या खेळात ओढलं, चेलिओस चाळिशीला टेकला होता आणि प्लस-मायनसमध्ये लीगमध्ये पहिला, प्लस ४०. प्लस-मायनस म्हणजे तुम्ही बर्फावर असताना, एखादा खेळाडू जास्त असताना मारलेले गोल सोडून, तुमच्या टीमने मारलेल्या गोलमधून खाल्लेले गोल वजा. अधिक ४०, चाळिसाव्या वर्षी! नॉरिसच्या मतदानात दुसरा आला, पहिला त्याच्याच टीमचा लिडस्ट्रॉम. त्याच फेब्रुवारीत अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमचा कॅप्टन, सिल्व्हर, आणि जूनमध्ये कप.

प्लस-मायनसला आजकालची आकडेवाली मंडळी नाकं मुरडतात, टीम चांगली असली की सगळ्यांचंच वाढतं म्हणून. त्यात तथ्य आहेच. पण मी आकड्यावर अडून बसत नाही, काम काय होतं ते बघा. समोरच्या टीमची सर्वात डेंजर लाइन, म्हणजे फॉरवर्डची तिकडी, बर्फावर आली की चेलिओसला पाठवायचं. आपला एक खेळाडू पेनल्टीत बाहेर बसलाय, चार जणांना पाच जणांशी झुंजायचंय, चेलिओसला पाठवा. एका गोलने पुढे आहोत, शेवटचं मिनिट, समोरच्यांनी गोलकीपर काढून सहावा खेळाडू आणलाय, परत चेलिओस. आणि आपल्याला गोल हवाय, पॉवरप्ले आहे, म्हणजे समोरचा एक पेनल्टीत बाहेर, तरी चेलिओसच, कारण ७६३ असिस्ट काही आकाशातून पडले नाहीत. आपला खेळाडू पेनल्टीत बाहेर असला की केनला कोच बेंचवरच बसवायचे, आणि बरोबरच होतं ते, त्याची ताकद दुसऱ्या कामासाठी राखायची. पण म्हणजे मॅचचा एक अख्खा अवघड तुकडा असा होता जिथे केनचा उपयोग नव्हता. चेलिओसच्या बाबतीत असा तुकडाच सापडत नाही.

मुलाचं यावरचं उत्तर मला आवडतं म्हणून इथे देतो. तो म्हणतो, "बाबा, पक केनकडे असेल तर समोरचे गोल मारणार कसे? हाच बेस्ट डिफेन्स." पॉइंट आहे. केनच्या शिकागोकडे पक खूप वेळ असायचा हे खरं, पण तो हिसकावून पुढे कोण द्यायचं, तर मागे डंकन कीथ होता, मारियन होसा होता, मध्ये जोनाथन टेव्ज होता. केनला मोकळीक होती कारण घर सांभाळायला ही मंडळी होती. चेलिओस म्हणजे घर सांभाळणाराच.

आणि हे काही माझं आजचं फॅड नाही, खेळातल्या लोकांना हे आधी बरोबर कळायचं. १९८३-८४ ला पॉल कॉफीने डिफेन्समन असून १२६ पॉइंट केले, ४० गोल! लँगवेचे पॉइंट जेमतेम तिशीत. नॉरिस मिळाली लँगवेला, लागोपाठ दुसऱ्यांदा. मतदारांनी डोळ्यांनी मॅच बघितल्या होत्या. आज असं होईल? मला नाही वाटत. आज डेटा सगळ्यांच्या फोनवर, फॅन्टसी लीगमध्ये गोल-असिस्टला पैसे, त्यामुळे सगळे पॉइंटच बघतात. आमच्या घरातच बघा ना, मुलगा स्वतः लोकल लीगमध्ये डिफेन्सला खेळतो, पहाटे साडेपाचला रिंकवर थर्मासमधला चहा पीत मी काचेमागे उभा असतो, आणि भारतातून आजीचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न, "किती गोल केलेस रे?" शून्य आजी. या सीझनला पण शून्य.

आता चेलिओसच्या विरुद्ध जे जे आहे ते पण टाकतो, नाहीतर लबाडी होईल. एक, त्याला हार्ट कधी मिळाली नाही, कॉन स्मिथ मिळाली नाही. केनकडे दोन्ही आहेत. दोन, ऐन भरात शिकागोत असताना कप नाही, १९९२ ला फायनलला गेले आणि पिट्सबर्गने ४-० ने धुतलं. तीन, आणि हे मला जास्त खुपतं, तो घाणेरडा खेळायचा. १९८९ च्या प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाच्या ब्रायन प्रॉपला कोपर मारून बर्फावर बेशुद्ध पाडलं, इतकं की त्या सिरीजच्या शेवटी फिलाडेल्फियाचा गोलकीपर रॉन हेक्स्टॉल आपली जागा सोडून याला मारायला धावून आला. करिअरमध्ये पेनल्टीची २८९१ मिनिटं. काही लोक म्हणतात तेव्हाची हॉकीच तशी होती, पण लीच त्याच काळात खेळला आणि त्याला अशा गोष्टी कराव्या लागल्या नाहीत. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, ते वजा करूनही तो पहिला येतो एवढंच.

लीचचं नाव आलंच आहे तर. खरं सांगायचं तर चेलिओसला धोका केनकडून नाही, लीचकडून आहे. टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीला जन्म, वाढला कनेटिकटमध्ये. १९९१-९२ ला डिफेन्समन असून १०२ पॉइंट, आणि १९९४ ला न्यूयॉर्क रेंजर्सनी ५४ वर्षांनी कप जिंकला त्या प्लेऑफमध्ये २३ मॅचमध्ये ३४ पॉइंट, कॉन स्मिथ, आणि ती मिळवणारा कॅनडाबाहेरचा पहिला खेळाडू. म्हणजे मार्क मेसिये ज्या टीमचा कॅप्टन होता त्या टीममध्ये सर्वोत्तम लीच ठरला. फक्त ते दोन महिने मोजायचे तर कुठल्याही अमेरिकन खेळाडूपेक्षा लीच वर, चेलिओसपेक्षा पण. पण पुढे रेंजर्स घसरले, १९९७ नंतर कित्येक वर्षं प्लेऑफ नाही, आणि त्यात लीचचा पण खेळ मागे मागे जात राहिला. दोघंही १९९६ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये होते, लीच कॅप्टन, आणि मॉन्ट्रियलच्या निर्णायक मॅचमध्ये कॅनडाला ५-२ हरवलं. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकच्या चमत्काराचं कौतुक सगळे करतात, कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत टीमला ४-३ हरवलं, भारीच होतं, पण ज्याने विजयी गोल मारला तो माइक एरुझिओनी एनएचएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. १९९६ ला मात्र दोन्हीकडे जगातले सर्वोत्तम प्रोफेशनल होते. अमेरिकन हॉकी वयात आली ती त्या रात्री, असं मी मानतो, आणि तिच्या मागच्या फळीत लीच आणि चेलिओस उभे होते.

मोडानोबद्दल मला एक वेगळीच हळहळ आहे. त्याने डॅलसमध्ये जे केलं ते कोणालाच धड मोजता येत नाही. १९९३ ला मिनेसोटाची टीम उचलून टेक्सासला नेली, जिथे लोकांना बर्फ फक्त ड्रिंकमध्ये माहीत, आणि हा तिथला चेहरा झाला. वर कोच हिचकॉकने सांगितलं की बाबा रे गोल कमी मार पण मागे येऊन डिफेन्स कर, आणि याने ऐकलं. १९९९ च्या फायनलमध्ये मनगट मोडलेलं असताना खेळत राहिला. जर मनाप्रमाणे पुढे राहून गोलच मारत बसला असता तर १५०० पॉइंट झाले असते कदाचित, मग केनला अजून दोन-तीन सीझन लागले असते! पॉइंट मोजणाऱ्या लोकांना मोडानोने टीमसाठी सोडलेले पॉइंट दिसत नाहीत.

गोलकीपरांना या वादात बसायला खुर्चीच देत नाहीत, हा अजून एक अन्याय. मिनेसोटात एव्हेलेथ नावाचं लोखंडाच्या खाणींचं छोटं गाव आहे, अमेरिकेचं हॉकी हॉल ऑफ फेम तिथे आहे, आणि ते तिथे असायचं कारण म्हणजे फ्रँक ब्रिम्सेकसारखे लोक. एनएचएलमध्ये जवळजवळ सगळे कॅनडियन असायचे अशा काळात, १९३८ ला, हा बॉस्टनच्या टीममध्ये आला, लोकांचा लाडका गोली काढून याला बसवला म्हणून पब्लिक चिडलेलं, आणि पहिल्या आठ मॅचमध्ये याने सहा वेळा समोरच्यांना शून्यावर ठेवलं. तेव्हापासून नाव पडलं मिस्टर झीरो. मास्क नाही, काही नाही. त्याच सीझनला कप. मग ऐन भरातली दोन वर्षं महायुद्धात कोस्ट गार्डमध्ये गेली. आत्ताचा कॉनर हेलेबक, हा पण आमच्या मिशिगनचाच, कॉमर्सचा, त्याच्याकडे सर्वोत्तम गोलीच्या तीन व्हेझिना ट्रॉफी आणि २०२५ ची हार्ट आहे. जोनाथन क्विकने लॉस एंजेलिसला दोन कप दिले आणि ४०० मॅच जिंकणारा तो पहिला अमेरिकन-जन्मा गोली. यांना फॉरवर्डशी कसं तोलायचं मला कळत नाही, पण कळत नाही म्हणून यादीतून काढून टाकणं हे काही उत्तर नव्हे.

बायकांचं तर नावच निघत नाही. प्रोफेशनल लीग त्यांना धड मिळाली ती २०२४ च्या जानेवारीत, त्यामुळे 'प्रोफेशनल' शब्द लावला की १९९८ ला नागानोत ऑलिंपिक गोल्ड घेणाऱ्या टीमची कॅप्टन कॅमी ग्रॅनाटो आपोआप बाहेर. खेळायला लीग द्यायची नाही आणि मग लीगमध्ये खेळली नाही म्हणून मोजायचं नाही, हे बरं आहे.

आणि मॅथ्यूज? ६९ गोल एका सीझनला, ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला पोरगा, आई मेक्सिकोची. मोडानोच्या ५६१ गोलना धोका असेल तर त्याच्याकडून आहे. पण अजून प्लेऑफमध्ये त्याने काही मोठं दाखवलेलं नाही, म्हणून थांबा. मला खरी उत्सुकता क्विन ह्यूजची आहे, फ्लोरिडात जन्मलेला, २०२४ ची नॉरिस घेतलेला, कारण तो डिफेन्समन आहे आणि माझ्या निकषावर मला चूक ठरवायचं असेल तर ते एखादा डिफेन्समनच करेल.

तर आजच्या तारखेला माझी यादी अशी: चेलिओस, मग अगदी थोड्या फरकाने लीच, मग केन, मग मोडानो, मग ब्रिम्सेक. हल आणि लँगवे आत घेतले तर हल चौथा. हे वाचून कोणी भांडायला आलं तर स्वागत आहे, चहा मी करतो.

मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. त्याने पण आपली यादी लिहून दिली, पहिला केन, दुसरा मॅथ्यूज, मग मोडानो, हेलेबक, लीच. आणि सहावा चेलिओस. मी विचारलं, अरे पाचच लिहायचे होते, हा सहावा कशाला? तर म्हणे, "तुझ्यासाठी टाकलाय."